बुटाचा नंबर आणि डोळ्याचा नंबर

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कुठल्याही गावच्या बाजारपेठेत एक प्रयोग फुकटात पाहायला मिळतो. चपला-बुटांच्या दुकानात आई मुलाचा पाय पुढे ओढते, दुकानदार माप घेतो आणि म्हणतो, ‘ताई, गेल्या वर्षी तीन नंबर नेला होतात, आता चार लागेल.’ आईला धन्य वाटतं. ‘वर्षाच्या आत बूट आखूड झाले बघा,’ हे वाक्य ती पुढे शेजारणीला, सासूबाईंना आणि परतीच्या वाटेवर रिक्षावाल्यालाही ऐकवते. तीच आई, तोच मुलगा, चार दिवसांनी डोळ्यांच्या दवाखान्यात जातात. डॉक्टर सांगतात, ‘गेल्या वर्षी दीड होता, आता दोन झालाय.’ आणि खोलीत सुतकी शांतता पसरते. बाहेर येऊन आई घरी फोन लावते, आवाज खाली घेते आणि एवढंच म्हणते, ‘वाढलाय.’ काय वाढलंय हे पलीकडून कुणी विचारत नाही. आपल्या भाषेत दोन्हीला नंबरच म्हणतात, पण एक वाढला की पेढे वाटायचे तेवढे बाकी राहतात आणि दुसरा वाढला की आधी गुन्हेगाराचा शोध सुरू होतो. माझं म्हणणं असं, की हे दोन्ही नंबर एकाच जातीचे आहेत. दोन्ही मापं आहेत. डोळ्याच्या नंबराकडे आपण माप म्हणून न बघता निकाल म्हणून बघतो. त्यात आपलं हसं होतं ते होतंच, वर पोरांचं नुकसानही होतं.

माप हा शब्द मी उपमा म्हणून वापरलेला नाही. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे मोजला तर साधारण १७ मिलिमीटर भरतो आणि मोठ्या माणसाचा २४च्या आसपास. म्हणजे डोळाही पायासारखाच वाढतो. फरक इतकाच, की पायाला पुढे मोकळी जागा असते आणि डोळ्याला मात्र मागच्या पडद्याशी हिशेब जुळवून वाढावं लागतं. बुबुळाची पारदर्शक काच आणि आतलं भिंग मिळून प्रकाश जिथे गोळा करतात, नेमका तिथेच पडदा असला की चित्र स्वच्छ उमटतं. डोळा लांबीला जरा जास्त वाढला की पडदा मागे जातो, चित्र अलीकडेच उमटतं आणि फळ्यावरची अक्षरं एकमेकांच्या गळ्यात पडतात. हा मायनस नंबर. खसखशीच्या एका दाण्याएवढी, म्हणजे मिलिमीटरभर लांबी जास्त झाली की अडीच ते तीन नंबर लागलाच म्हणून समजा. डोळा लांबीला कमी भरला तर प्लस. बुबुळाची गोलाई चेंडूसारखी एकसारखी नसून चमच्याच्या पाठीसारखी असली तर सिलिंडर नंबर. हा शब्द ऐकून ज्यांना गॅसची एजन्सी आठवते, त्यांनी त्याऐवजी बुटाच्या दुकानातलं ‘पंजा जरा रुंद आहे’ हे वाक्य आठवावं. बूट काही पाय बरा करत नाही, पायाला जगात नीट फिरता यावं एवढंच बघतो. चष्म्याचंही तेच काम आहे आणि ते तो बुटापेक्षा शांतपणे करतो, कारण तो चावत नाही आणि करकरतही नाही.

मग हा नंबर निकालासारखा का वाटतो? कारण तो लिहितात निकालासारखा. हॉलंडमधल्या उट्रेख्टचे डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तो प्रसिद्ध तक्ता केला. तेव्हापासून नजर अपूर्णांकात सांगतात. ६/१२ याचा अर्थ इतकाच, की धड नजरेचा माणूस जे १२ मीटरवरून वाचतो ते वाचायला तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. हा अंतराचा हिशेब आहे. पण बोर्डाच्या परीक्षांखाली वाढलेल्या समाजाला तिरकी रेघ दिसली की टक्केच दिसतात. ६/९ म्हणजे ६६ टक्के, फर्स्ट क्लास. ६/१२ म्हणजे ५०, पास. ६/१८ म्हणजे ३३, जेमतेम दोन टक्क्यांनी गेला, पुन्हा बसवा. ६/६० आलेल्याचं नाव तर भावकीत काढू नये. अमेरिकेतल्या मराठी घरात धड नजरेचा आकडा २०/२० होतो, कारण तिथे मीटरऐवजी फूट मोजतात आणि ६ मीटर म्हणजे सुमारे २० फूट. इकडे फोनवर ते ऐकून आजोबा विचारतात, टॉस कुणी जिंकला?

चष्म्याचा नंबर ही आणखी निराळी गोष्ट. तो मोजतात डायॉप्टरमध्ये, आणि हे एकक सुचवलं फर्डिनांड मोनोयर या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने १८७२ साली. (याच मोनोयरनी केलेल्या अक्षरांच्या तक्त्याच्या दोन्ही कडा खालून वर वाचत गेलं तर त्यांचं स्वतःचं नाव निघतं. बाकीचे डॉक्टर दारावर पाटी लावून समाधान मानतात.) हिशेब चौथीच्या पोरालाही जमेल असा आहे. एक मीटरला नंबराने भागा. मायनस दोन असेल तर अर्ध्या मीटरपर्यंतचं बिनचष्म्याने स्वच्छ दिसतं, मायनस चार असेल तर पाव मीटरपर्यंतचं. उणे हे चिन्ह भिंगाची जात सांगतं. ते कर्जही नाही आणि चुकीच्या उत्तराला कापलेले गुणही नाहीत. गंमत अशी, की मोनोयरच्या आधी भिंगाचा नंबर इंचांत सांगत, प्रकाश किती इंचांवर गोळा होतो त्यावरून. त्या रीतीत ४० नंबरचं भिंग सौम्य आणि १० नंबरचं कडक. म्हणजे तीच रीत आजवर चालली असती तर ‘नंबर वाढला’ ही साखर वाटण्याची बातमी ठरली असती आणि नंबर उतरला म्हणून आयांनी पदर डोळ्याला लावला असता. डोळा तोच, काच तीच, मोजायची पट्टी तेवढी उलटी धरलेली. ज्या आकड्याचा आनंद आणि दुःख पट्टी कशी धरली यावर ठरतं, त्याला पोराचा गुण किंवा अवगुण मानण्यात अर्थ नाही.

पण आकड्यापेक्षाही आपली भाषा जास्त घोटाळा करते. मराठीत डोळ्यांचे व्यवहारच चमत्कारिक आहेत. डोळे साथीत येतात, म्हातारपणी जातात, दुपारच्या जेवणानंतर डोळा लागतो आणि बाळाला दुसऱ्याची नजर लागते. याच ओळीत आपण चष्म्याला बसवलं आहे. चष्मा आपण घेत नाही, तो आपल्याला लागतो. ठेच लागते, आग लागते, वेड लागतं, तसा. बूट मात्र घ्यायचा असतो. खरं तर नोकरीही लागते आणि लॉटरीही लागते, पण ‘त्याला चष्मा लागला’ हे वाक्य नोकरीच्या सुरात कुणी म्हटलेलं ऐकिवात नाही. मोठ्यांचा हा सूर पोरं अचूक उचलतात आणि शाळेत पहिल्याच दिवशी त्याचं ढापण्या, बॅटरी, चष्मिस असं भाषांतर करतात. परिणाम काय होतो, हे आपल्याच अंगणात मोजलेलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांमध्ये ज्या मुलांना चष्मे दिले होते, त्यांतल्या हजाराहून जास्त मुलांची काही महिन्यांनी पुन्हा गाठ घेतली गेली. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चष्मा नाकावर असलेली मुलं निघाली दहातली तीन. बाकीच्यांपैकी कुणाचा चष्मा मोडला होता, कुणाचा हरवला होता, कुणाचा घरी राहिला होता. आणि कारणांच्या यादीत ठळक बसलेलं एक कारण होतं, मुलं चिडवतात. डॉक्टरांनी नंबर काढला, कुणीतरी पैसे घातले, चष्मा हातात आला, आणि शेवटच्या वीतभर अंतरावर, हातातून नाकापर्यंत, सगळी योजना अडकली. ते वीतभर अंतर वैद्यकशास्त्राच्या हद्दीत येत नाही. ते आपल्या जिभेच्या हद्दीत येतं.

मुलींच्या बाबतीत ही जीभ आणखी तिखट होते. मुलाला चष्मा असला की तो अभ्यासू, मुलीला असला की पुढे कसं होणार. कांदेपोह्यांच्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स लावून मुलगी बाहेर येते, आणि पलीकडे बसलेल्या स्थळाच्या नाकावर चष्म्याचा ठसा ताजा असतो, कारण त्यानेही तो जिन्यातच काढून खिशात घातलेला असतो. दोघंही एकमेकांना धूसर पाहून पसंत करतात. (यामुळे काही लग्नं टिकली असतील, हे मी नाकारत नाही.) पत्रिकेत छत्तीस गुण जुळले तरी मायनस तीनवर बोलणी अडलेली ऐकू येतात. पण वधूच्या पायाला सहा नंबरची चप्पल लागते म्हणून स्थळ परत गेल्याचं कुणी सांगत नाही. आणि हा दोष काही दुर्मीळही राहिलेला नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीच्या शाळकरी मुलांपैकी शंभरात तेरा मुलांना मायनस नंबर निघाला होता. २०५० सालापर्यंत जगातली निम्मी माणसं मायनसवाली असतील, असा अंदाज तज्ज्ञांनी मांडून ठेवला आहे. तेव्हाच्या कांदेपोह्यांत चष्मा नसलेल्या उमेदवाराकडेच लोक संशयाने पाहतील, की याने शाळेत काही वाचलं की नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जुना आणि घरगुती आहे. चष्मा लावला की डोळ्याला त्याची सवय लागते आणि नंबर वाढतच जातो, म्हणून जितका लांबवता येईल तितका लांबवावा, आणि लावलाच तर थोडा कमी नंबरचा लावावा. हा तर्क दिसायला बिनतोड आहे. चष्मा लावलेल्या मुलांचा नंबर वाढतो हे खरंच असतं. पण नवे बूट घेतलेल्या मुलांचे पायही वाढतात, म्हणून बुटांनी पाय वाढवले असं आपण म्हणत नाही. पोर वाढीच्या वयात असतं, डोळाही वाढीच्या वयात असतो, आणि चष्मा बिचारा त्या वेळी तिथे हजर असतो एवढाच त्याचा अपराध. मलेशियात हे करूनच पाहिलं. काही मुलांना पूर्ण नंबरचा चष्मा दिला, काहींना मुद्दाम थोडा कमी. दोन वर्षांनी मोजलं तेव्हा कमी नंबरवाल्यांचाच नंबर जास्त वाढलेला निघाला. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अभ्यास फार मोठा नव्हता, त्यामुळे त्यावर मोठी इमारत बांधायचं कारण नाही, पण काटकसरीने नंबर आटोक्यात राहतो ही समजूत त्याने मोडीत काढली. राहिली सवयीची गोष्ट. ‘चष्मा काढला की आता काहीच दिसत नाही’ ही तक्रार बहुतेकांची असते. आधीही दिसत नव्हतंच. आता काय दिसायला हवं ते कळलं, म्हणून न दिसणं टोचू लागलं. पायांत बूट असायची सवय झाली की डांबरी रस्ता जास्त पोळतो, तसंच हे.

दुसरा आक्षेप मोबाइलचा, आणि तो मी अर्धा मान्य करतो. डोळ्याचा नंबर हे नुसतं माप असेल तर मग मुलांना कोंडून, पडद्याला चिकटवून ठेवायला हरकत नाही का? हरकत आहे. माप आनुवंशिक असतं तसं परिस्थितीचंही असतं. आईबाप दोघंही चष्मेवाले असले तर मुलाला नंबर येण्याची शक्यता वाढते, आणि सतत जवळचंच पाहणाऱ्या, उन्हात न जाणाऱ्या मुलाची आणखी वाढते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास वाढवला आणि तो वर्गाबाहेर घ्यायचा असं ठरवलं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना मायनस नंबर आलेला होता, बाहेर खेळलेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. २०१५ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. औषध नाही, थेंब नाही, नुसती ४० मिनिटं. कारण असं मानतात, की वर्गात चार-पाचशे लक्स उजेड असतो आणि बाहेर दहा हजारांच्या वर, आणि तो भरपूर उजेड डोळ्याच्या लांबीला लगाम घालतो. आता हे लक्षात घ्या, की आपल्या घरात नंबर वाढल्याची शिक्षा काय असते. ‘आजपासून खेळणं बंद, अभ्यास कर.’ म्हणजे ज्याने नंबर रोखला असता ते काढून घ्यायचं आणि ज्याने वाढण्याची शक्यता ते दुप्पट द्यायचं. मोबाइलवर चिडणारे पालक क्लासच्या तीन तासांवर कधी चिडत नाहीत. डोळ्याला मात्र रील्स आणि त्रिकोणमिती यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त अंतर कळतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बुटाचा नंबर नऊ झाला म्हणून पाय धोक्यात येत नाही, पण डोळ्याचा नंबर सहाच्या पुढे गेला की धोका वाढतो, मग दोन्ही मापं सारखी कशी? बरोबर आहे. फार लांब झालेल्या डोळ्यात मागचा पडदा ताणला जातो, पातळ होतो आणि पुढे कधीतरी फाटण्याची किंवा सरकण्याची भीती असते. म्हणून तर वाढता नंबर रोखण्यासाठी आता अॅट्रोपीनचे अगदी सौम्य थेंब आणि खास बनवलेल्या काचा डॉक्टर देतात. दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा. बूट आखूड झाला की पाय बोंब मारतो, डोळा मारत नाही. जन्मापासून धूसर पाहणाऱ्या मुलाला वाटतं, जग असंच असतं, झाडाला पानं नसतात, हिरवा ढग असतो. ते तक्रार करत नाही, पहिल्या बाकावर जाऊन बसतं, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतं आणि शेरा मिळतो, लक्ष नसतं. एकाच डोळ्याला मोठा नंबर असला तर मामला आणखी फसवा, कारण दुसरा डोळा सगळा संसार ओढत असतो आणि मेंदू अधू डोळ्याकडे काणाडोळा करायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. इथे खुद्द वैद्यकानेही डोळ्याला वर्तणुकीचा शेरा दिला, हे मला मान्य आहे. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून या आळशाला कामाला लावता येतं, पण ते सात-आठ वर्षांच्या आत जितकं जमतं तितकं नंतर जमत नाही. आता या सगळ्याचा निष्कर्ष काय? माप आहे म्हणून दुर्लक्ष करा, असा नाही. माप आहे म्हणून वेळच्या वेळी घ्या, असा. निकालाची भीती वाटली की माणूस परीक्षाच टाळतो. मापाची भीती नसली की पाय स्वतःच पुढे करतो.

परीक्षा टाळण्याचे आपले मार्ग मात्र खानदानी आहेत. गाजर खा, त्राटक करा, पहाटे दवाने ओल्या हिरवळीवर अनवाणी चाला. तळपायाला गवत लागलं की डोळ्याचा नंबर उतरतो, असं सांगणारे लोक बुटाच्या नंबराशी डोळ्याची तुलना केली की मात्र चमकतात. गाजराचा मोठेपणा नाकारण्यात अर्थ नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो आणि लहान मुलांची दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणूनच पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सरकारी दवाखान्यात त्याचे डोस देतात. पण ज्याच्या पोटात ते पुरेसं आहे त्याने आणखी किलोभर गाजरं खाल्ली तरी लांब झालेला डोळा आखडत नाही. दुसऱ्या महायुद्धात जॉन कनिंगहॅम हा इंग्रज वैमानिक काळोखात जर्मन विमानं टिपायचा आणि श्रेय गाजरांना दिलं जायचं. त्याच्या विमानात रडार होतं. रडारचा गवगवा परवडणारा नव्हता, गाजराचा चालत होता. युद्ध संपलं, रडार जगजाहीर झालं, पण गाजर अजून आयांच्या शस्त्रागारात आहे. हिरवळीचं म्हणाल, तर तिच्यात थोडं सत्य आहे. नंबर येण्याआधीच पोराला मोकळ्या मैदानात रोज सोडलं तर फायदा होतो, फक्त तो दवाचा नसून उजेडाचा असतो आणि चाळिशीतल्या काकांना लागू होत नाही.

काकांवरून चाळिशीकडे येऊ, कारण मुलांच्या नंबरावर न्यायाधीश होऊन बसणाऱ्या मोठ्यांची साक्ष इथेच काढायची आहे. डोळ्यातलं भिंग लहानपणी इतकं लवचीक असतं, की दहा वर्षांचं मूल सात सेंटिमीटरवर धरलेलं पुस्तक वाचतं. पुढे ते दरवर्षी थोडं थोडं कडक होत जातं, आणि चाळिशीच्या सुमारास वाचायचा कागद हळूहळू लांब जाऊ लागतो. यात कुणाचा अपराध नाही, कुणाची सुटकाही नाही. आपल्या भाषेने तर या बदलाला आणि त्यासाठीच्या चष्म्यालाही वयाचंच नाव देऊन टाकलं, चाळिशी. गुजराती माणूस हिशेबाला पक्का, त्याने बेतालां म्हणजे बेचाळिशी म्हणून दोन वर्षांची सवलत पदरात पाडून घेतली. कानडीने चष्म्याला चाळीसु हे नाव घेतलं. इतकी स्पष्ट सूचना शब्दातच असताना पंचेचाळिशीचा गृहस्थ काय म्हणतो? हल्ली छपाई बारीक करतात. हॉटेलवाले दिवे मंद ठेवतात. औषधाच्या पट्टीवरची तारीख मुद्दाम वाचता येऊ नये अशी छापतात. सुईच्या नेढ्यात दोष असतो, मोबाइलच्या अक्षरांत दोष असतो, शेवटी हाताच्या लांबीत दोष निघतो, पण डोळ्यात नाही. याच गृहस्थाने मुलाला ‘अंधारात वाचायला कुणी सांगितलं होतं’ असं सुनावलेलं असतं. इथे नियती एक गमतीचा न्यायही करते. ज्याला आयुष्यभर ढापण्या म्हणून चिडवलं, तो मायनस तीनवाला साठीतही चष्मा काढून ३३ सेंटिमीटरवरचं पुस्तक आरामात वाचतो, आणि शाळेतला गरुडनजरेचा वर्गमित्र त्याला विचारतो, ‘जरा बघ रे, बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय का?’

या हट्टाची किंमत नुसती बिलापुरती नसते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जवळचं पाहण्याचा साधा चष्मा निम्म्यांना लगेच दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची रोजची पानखुडणी न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. खतं बदलली नाहीत, मुकादम बदलला नाही, हातही तेच होते. नाकावर दोन काचा आल्या इतकंच. ‘आमचं काय आता वाचायचं राहिलंय’ म्हणणाऱ्या आईला, मावशीला हे सांगायला हवं, की चाळिशी फक्त वर्तमानपत्रासाठी नसते. तांदूळ निवडणं, हुक लावणं, गोळीचं नाव बघणं, मेथीतलं गवत बाजूला काढणं, हीसुद्धा पानखुडणीच आहे. तिची मजुरी कुणी मोजत नाही, म्हणून चष्म्याचा खर्च जड वाटतो.

काहीजण म्हणतील, एवढी वकिली कशाला, लेसर करून टाकावं, नंबर कायमचा जातो. अठरा वर्षं पूर्ण असतील, नंबर स्थिरावला असेल आणि बुबुळाची जाडी डॉक्टरांना पटली असेल, तर लेसर ही उत्तम सोय आहे. फक्त ती काय करते ते समजून घ्यावं. ती बुबुळाची गोलाई बदलते, डोळ्याची लांबी नाही. म्हणजे पाय तोच, बूट तेवढा कातडीत शिवून दिला. ताणलेला पडदा ताणलेलाच राहतो, म्हणून त्याची तपासणी सुटत नाही, आणि चाळिशी ठरल्या वर्षी दार वाजवतेच. तेव्हा ‘नंबर घालवला’ असं म्हणण्यात तोच जुना सूर आहे, जणू एखादं भूत उतरवलं.

म्हणून या जूनमध्ये एवढंच करा. वह्या, रेनकोट, बूट यांच्या यादीत आणखी एक ओळ वाढवा. मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, ते बोलत नसलं आणि त्याची तक्रार नसली तरी. शाळेत घालण्यापूर्वी एकदा आणि पुढे वर्षातून एकदा. थेंब घालून दोन तास बसवतील तर बसा, कारण लहान मुलाचे स्नायू इतके तरबेज असतात, की थेंबांनी त्यांना सैल केल्याशिवाय खरं माप हाती येत नाही. समोरच्या बाकावर डोळे मिटून, माना मागे टाकून बसलेली माणसं ध्यानस्थ वाटतील, तीही मापासाठीच आलेली असतात. नंबर निघाला तर बुटाच्या दुकानात म्हणता तसंच म्हणा, ‘वाढतोय पोरगा.’ फ्रेम त्याला निवडू द्या, रोज संध्याकाळी मैदानावर सोडा, आणि घरात कुणी ढापण्या म्हटलंच तर त्या माणसाला मोठ्याने बुटाचा नंबर विचारा. परतताना स्वतःचेही डोळे दाखवा. चाळिशीनंतर नंबराबरोबर डोळ्याचा दाबही तपासून घ्यायचा असतो, कारण काचबिंदू तर बोलतच नाही, कडेकडेची नजर चोरून नेतो. आणि हा लेख हात लांब करून वाचत असाल, तर जूनची वाटही पाहू नका.